अनागतविधाता

हितोपदेशातील तीन मत्स्यांची कथा आम्ही वर्गात किती वेळा शिकविली असेल, याची गणती नाही. उद्या कोळी येणार असे कळताच अनागतविधाता तळे सोडून गेला. प्रत्युत्पन्नमतीने आयत्या वेळी मेल्याचे सोंग घेऊन जीव वाचविला. आणि 'व्हावयाचे ते होईल' म्हणणारा यद्भविष्य मारला गेला. मुले नेहमी दुसऱ्या मत्स्यावर खूष असत. पहिल्याने काही पराक्रम केला असे त्यांना वाटतच नसे.

काही वर्षांपूर्वी बदरीनाथाच्या यात्रेस जाताना श्रीनगरास, काश्मीरच्या नव्हे, गढवालच्या, आमचा मुक्काम पडला. या गावाची हकीकत वाचकांनी अवश्य ध्यानी ठेवावी अशी आहे. 1893 च्या सप्टेंबरात गोहना गावाजवळ डोंगर कोसळला आणि बिरही गंगेच्या पात्रात सुमारे 900 फूट उंचीचा बांध आपोआप उभा राहिला. मागे पाणी तुंबू लागले. हा बांध टिकणारा नव्हे आणि मानवी हातांनी सावरणाराही नव्हे, हे जाणत्यांनी ओळखले. पुलफर्ड नामक इंजिनियराने गणित मांडून सांगितले की, पुढल्या ऑगस्टच्या मध्यास पाणी माथ्यावरून वाहू लागेल. मग धावपळ झाली ती बांधासाठी नव्हे, माणसांसाठी. तारायंत्राची तार खालपर्यंत नेली. पाणी कोठवर चढेल हे दाखविणारे खांब खोऱ्यात उभारले. झुलते पूल आधीच उतरवून ठेविले. क्रुकशँक नावाचा तरुण अधिकारी बांधाजवळ राहून पाण्यावर पहारा ठेवीत होता.

25 ऑगस्ट 1894 रोजी सकाळी पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला. श्रीनगर धुऊन गेले. परंतु श्रीनगरकर अगोदरच उंचावर जाऊन बसले होते. एवढ्या प्रलयात प्राणहानी झाली ती केवळ पाच जणांची.

आता आपल्या पानशेतकडे वळू. 1961 च्या जुलैत आंबी नदीवरील हे मातीचे धरण अपुरे असतानाच पहिल्या पावसाळ्यात भरले आणि बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी भर पावसात, पायाखालची माती सरकत असता, रात्रभर वाळूची पोती रचली. बांध वाचला नाही. 12 जुलैच्या सकाळी तो फुटला आणि मागोमाग खडकवासल्याचे जुने धरणही गेले. पण जवानांनी लांबविलेल्या त्या काही घटकांमुळे पुण्यात पूर काळोखात शिरावयाचा तो दिवसाउजेडी शिरला, आणि किती तरी लोकांना जिने चढून पर्वती गाठता आली. त्या अनाम वीरांचे ऋण पुणे फेडू शकणार नाही. तथापि ते प्रत्युत्पन्नमतीचे शौर्य होते. गोहन्यास जवळजवळ वर्षभर मिळाले, येथे एक रात्र मिळाली; हा सारा भेद वेळेवर ओळखण्याचा आणि वेळेवर सांगण्याचा आहे.

राहता राहिला यद्भविष्य. गोहन्याचे ते पाच जण म्हणजे एक फकीर व त्याचे कुटुंबीय होते. त्यांना दोनदा बळाने धोक्याबाहेर नेले, तरी ते परत आपल्या जागी येऊन बसले. त्यास मूर्ख म्हणणे सोपे आहे. आमच्याने म्हणवत नाही. साठी उलटल्यावर आपली खोली, आपला देव्हारा, खिडकीशेजारची खुर्ची यांचा पाश काय असतो, हे आम्ही जाणतो. पानशेतच्या पुरात आमच्या एका वृद्ध आत्याबाई 'देव सोडून येणार नाही' म्हणून चौकात बसून राहिल्या होत्या. शेवटी पुतण्यांनी देवांसकट त्यांना उचलून माडीवर नेले, असे आम्ही घरी ऐकत आलो आहो.

आमचे घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वी आम्ही घरातील सर्वांस एकत्र बसवून ठरवून टाकले: देवांची पेटी थोरल्या सूनबाईंनी घ्यावी, औषधे नातवाने घ्यावीत, आणि आम्ही का-कू करू लागलो तर आमचे शब्द मुळीच मानू नयेत. फकिरास दोनदा नेले. आम्हांस तिसऱ्यांदाही ओढून न्यावे.