चार डाव आणि बारावा गडी

फलंदाजाचा फॉर्म गेला असे आपण सहज म्हणून जातो. तो आला कोठून होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्ही माजी विद्यार्थी वसतिगृहाच्या अंगणात जमलो की नोकरी, मुलांची शिक्षणे आणि रक्तदाब हे विषय पहिल्या चहाबरोबर संपतात, आणि मग संघनिवडीचा वाद पेटतो. अलीकडच्या भेटींत या वादाच्या केंद्रस्थानी करुण नायर आहे. तो मूळचा कर्नाटकचा. पण २०२३ पासून दोन हंगाम विदर्भाकडून खेळला, त्यामुळे आमच्यापैकी नागपूरकरांना तो घरचाच वाटतो.

त्याची हकीकत निवड समितीच्या कामाची सगळी अवघड बाजू उघडी करणारी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध त्याने नाबाद ३०३ धावा केल्या. कसोटीतील तो त्याचा अवघा तिसरा डाव. सेहवागनंतर त्रिशतक करणारा तो दुसरा भारतीय. आणि लगेच पुढच्या कसोटीत, हैदराबादला बांगलादेशाविरुद्ध, तो अकरांत नव्हता! दुखापतीतून बरा होऊन अजिंक्य रहाणे परतला होता आणि जागा त्याची होती. रहाणेने त्या सामन्यात ८२ धावा केल्या, म्हणजे निवड चुकली असेही म्हणता येईना. करुणला नंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार डाव मिळाले. त्यांत २६, ०, २३ आणि ५. तेथून आठ वर्षे दार बंद.

ते पुन्हा उघडले ते धावांच्या रेट्याने. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने विदर्भासाठी पाच शतके ठोकली. आठ डावांत ७७९ धावा, आणि बाद झाला केवळ दोनदा. त्याच हंगामात नागपूरजवळील जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध रणजी अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या व विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. जून २०२५ मध्ये तो इंग्लंडमध्ये पुन्हा कसोटी खेळला. चार कसोटींतील आठ डावांत २०५ धावा, ओव्हलवर एक अर्धशतक. पुष्कळदा चांगली सुरुवात होऊन वीस-तीसच्या घरात खेळ संपला. पुढच्या मालिकेत नाव नाही. अधिक अपेक्षा होती, असे निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर म्हणाले. आमच्यातील एक पक्ष म्हणतो, आठ डाव पुरेसे झाले. दुसरा म्हणतो, आठ वर्षे ताटकळलेल्या माणसाला आठ डाव म्हणजे काय?

आम्हांला स्वतःला दुसरा पक्ष जवळचा वाटतो. परंतु पहिल्या पक्षाचे म्हणणे आम्ही उडवून लावू शकत नाही, याला कारण २००४ च्या जानेवारीतील आमच्याच वसतिगृहातील एक रात्र.

त्या वर्षी आंतरशालेय सामन्यांत आमचा सलामीचा गडी चार डावांत मिळून नऊ धावा करू शकला होता. सरावात तोच मुलगा चेंडू बॅटच्या मधोमध घेई. सामन्यात मात्र त्याचा पुढचा पाय क्रीजलाच खिळे, डोके ऑफच्या बाजूला कलंडे आणि बॅट उशिरा खाली येई. पायांचे जोड सबंध वसतिगृहात दोनच, त्यामुळे पॅड सोडून देताना तो कोणाकडे पाहत नसे. अकरांत असणे ही तेथे लहान गोष्ट नव्हती. एस.टी.चा प्रवास, तालुक्याच्या मैदानावर दुपारचे जेवण आणि परतल्यावर प्रार्थनेनंतर सर्वांसमोर नाव. आमच्यातील बहुतेकांनी गावात कोठल्या ना कोठल्या रांगेतून बाजूला काढले जाणे पाहिले होते. म्हणून 'वगळणे' हा शब्द आमच्या कानांना नुसता खेळाचा वाटत नसे.

रात्रीच्या बैठकीत वाद झाला. वृत्तपत्र आमच्याकडे दुपारी येई, आणि त्याच आठवड्यात सिडनीची बातमी आली होती. त्या मालिकेत सचिनच्या ०, १, ३७, ० आणि ४४ अशा धावा झाल्या होत्या. सिडनीला मात्र त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बासनात बांधून ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. "सचिनला वगळले असते तर?" असे एकाने विचारले. दुसऱ्याने उत्तर दिले, "सचिनच्या पाठीशी चौदा वर्षांच्या धावा आहेत. याच्या पाठीशी गेल्या वर्षीचे एक अर्धशतक."

तेवढ्यात आठवीतील बारावा गडी उठला. हंगामभर पाण्याच्या बाटल्या वाहणारा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा. तो म्हणाला, "दादाला चार डाव मिळाले. मला एकही नाही. माझा फॉर्म आहे का गेला, हे तुम्हांला कसे कळणार?"

कोणालाच काही बोलता आले नाही. अधीक्षक सरांनी त्या रात्री निर्णय दिला नाही. सकाळी त्यांनी आधी सलामीच्या गड्याला बोलावले, फळ्यावर यादी लागण्यापूर्वी त्याला कारण सांगितले आणि सरावात रोज पहिली फलंदाजी त्याचीच राहील असे ठरवून दिले. दोन सामने त्याने धावपुस्तक लिहिले, तेही सुवाच्य अक्षरात. बाराव्या गड्याने ९ आणि १४ धावा केल्या, एक अवघड झेल घेतला आणि जागा टिकवली. तिसऱ्या सामन्यात सलामीचा गडी सातव्या क्रमांकावर परतला व त्याने २७ धावा केल्या.

कारण समोर बसवून सांगितले जाणे याचे मोल आमच्या लोकांना अधिक कळते, आणि त्याचा धागा क्रिकेटच्याच इतिहासात जातो. पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. तेथे आड आली ती जात. १९२० मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. १९२३ मध्ये फलंदाज विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी पुढे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. ज्यांना बाळूंचा चेंडू खेळता येत नव्हता, त्यांनाही त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका नव्हती. फॉर्मचा प्रश्न तेथे नव्हताच.

करुणचा प्रश्न अर्थातच निराळा. त्याच्या जागी ज्याला घेतले त्या देवदत्त पडिक्कलनेही बाकावर बरेच दिवस काढले होते. आमच्या बैठकीत हे नाव निघाले की आवाज थोडे खाली येतात. करुण आता पुन्हा कर्नाटकाकडून खेळतो. आमचा तो बारावा गडी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि शाळेचा संघ निवडताना राखीव खेळाडूंचीही नावे फळ्यावर अकरांच्याच अक्षरात लिहितो, असे त्याने गेल्या मेळाव्यात सांगितले.