बोजा उतरला



गेल्या दोन वर्षांत फोनवर मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "कर्ज फिटलं ना? मग आता परत कधी येताय?" विचारणाऱ्यांचा दोष नाही. आम्ही दोघांनीच इतकी वर्षं सगळ्यांना तसं सांगितलं होतं. लग्नाला या, कर्ज फिटलं की येऊ. शेतात विहीर पाडायची आहे, थोडं थांबा, कर्ज फिटलं की बघू. आत्याबाई होत्या तोवर त्यांनाही हेच उत्तर होतं. आता कर्ज फिटलंय आणि आम्ही लेस्टरमध्येच आहोत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच जणी आज नाहीतर उद्या या ठिकाणी येणारच आहेत.

घर घेतलं २००२ मध्ये. दोन घरांची एक भिंत सामाईक असते, तसं साधं घर. मागे लांबट परसू. कर्ज ८० हजार पौंडांचं, मुदत २५ वर्षं, व्याज तेव्हा ५ टक्क्यांच्या आसपास. हप्ता साधारण ४६७ पौंड. मी सांगलीची बी.कॉम., त्यामुळे पहिल्याच रात्री वही घेऊन बसले. पहिल्या हप्त्यातले ३३३ पौंड व्याजात आणि मुद्दलात फक्त १३४. असंच पंचवीस वर्षं चाललं तर ८० हजारांचे १ लाख ४० हजार फेडायचे. हे म्हणाले, आता झोप. पण मला हिशेब मांडल्याशिवाय झोप येत नाही आणि मांडल्यावर तर येतच नाही!

एका एजंटनं दुसरा मार्ग सुचवला होता. बँकेला नुसतं व्याज द्यायचं, बाकीचे पैसे एका विमा योजनेत भरायचे, आणि शेवटी त्या योजनेतून मुद्दल फिटून वर काही उरेल. मी विचारलं, "उरेल, की उरू शकेल?" तो हसला. आम्ही सरळ मुद्दल-व्याजाचा रस्ता धरला. त्या काळात तशा योजना घेतलेल्या कितीतरी घरांना नंतर पैसे कमी पडतील अशी पत्रं आली.

२००९ मध्ये इथल्या मध्यवर्ती बँकेनं दर अर्ध्या टक्क्यावर आणला आणि आमचं व्याजही उतरलं. ओळखीत बऱ्याच जणांनी हप्ता कमी करून घेतला, कुणी त्या पैशात गाडी बदलली. आम्ही हप्ता तोच ठेवला. म्हणजे दर महिन्याला मुद्दल जास्त कापलं जाऊ लागलं आणि २०२७ ला संपायचं कर्ज २०२३ च्या सप्टेंबरात संपलं. ज्यांची कर्जं चालू आहेत त्यांना एवढंच सांगते, व्याज उतरलं तरी हप्ता उतरवू नका. जास्तीचे पैसे भरल्यावर दंड लागतो का, किती टक्क्यांपर्यंत लागत नाही, हे मात्र कागदात आधी वाचा.

बँकेचं पत्र आलं ते दशलक्षण पर्वात. नववा दिवस, उत्तम आकिंचन्य धर्माचा. सकाळी सेंटरमध्ये पूजा झाली, स्वाध्यायात 'माझं असं काहीही नाही' या विषयावर तासभर ऐकून घरी आले, तर दारात पत्र पडलेलं: आता हे घर पूर्णपणे तुमचं! मला हसूच आलं. ह्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "बँकेनं तिथी बघून पाठवलंय."

इथे बँक कर्ज फिटल्याचं सरकारी भूमी नोंदणी कार्यालयाला कळवते आणि नोंदवहीतला बोजा काढला जातो. नोंदीचे तीन भाग असतात. पहिल्यात मालमत्तेचं वर्णन, दुसऱ्यात मालकाचं नाव, तिसऱ्यात बोजे. थोडं शुल्क भरून मी घरबसल्या उतारा काढला आणि तिसऱ्या भागात बँकेचं नाव उरलं नाही ना, ते डोळ्यांनी बघितलं. मला वडील आठवले. सोसायटीचं कर्ज फिटलं की ते दाखला घेऊन तलाठ्याकडे खेटे घालायचे. फेरफार होऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की नवा उतारा बस्तीत देवासमोर ठेवायचे आणि मगच कपाटात. मीही माझा कागद देव्हाऱ्यासमोर ठेवला. यंत्रातून निघालेला साधा पांढरा कागद, पण ठेवला.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मात्र विचित्र गेले. डोक्यावर कर्ज होतं तोवर 'इथे का राहता' याचं उत्तर तयार होतं. आता ते उत्तर गेलं. एका रात्री जेवण झाल्यावर, म्हणजे दुपारी साडेतीनलाच (डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे अनस्तमी पाळणाऱ्यांचं रात्रीचं जेवण तीनच्या सुमाराला होतं, जूनमध्ये याच्या उलट, साडेनऊपर्यंत ऊन!) तर जेवण झाल्यावर ह्यांना विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलं इथे आहेत. माझ्या हृदयाचे डॉक्टर इथे आहेत. तुझं काय ते सांग."

माझं जे होतं ते मैत्रिणींनो तुम्हाला लगेच कळेल. इथे मंदिर आहे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं आमचं जैन सेंटर म्हणजे जुन्या चर्चच्या इमारतीचं केलेलं मंदिर, १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेलं. एकाच छताखाली श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय. दर्शनाची, पूजेची, पर्वाची काही उणीव नाही. पण आपले मुनीमहाराज पायी विहार करतात, वाहनात बसत नाहीत. ते समुद्र ओलांडून इथे कसे येणार? म्हणजे इथे राहायचं ठरवलं तर दारात उभं राहून पडगाहन करणं नाही, चौका लावणं नाही, आहारदान नाही. माझ्या आईनं वयाच्या सत्तरीपर्यंत चौका लावला. महाराजांना अंतराय येऊ नये म्हणून ती श्वास रोखून उभी राहायची, ते मी परकर-पोलक्यात असल्यापासून बघितलंय. आणि शेवटच्या दिवसांत कुणा त्यागींचे शब्द कानावर पडावेत ही इच्छा कुणाला नसते? घराचा हिशेब मी वहीत मांडू शकते, हा कसा मांडणार?

या विषयावर सेंटरमधल्या एका मोठ्या बेनशी बोलले. त्या गुजराती, कंपालाच्या. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला लावलं तेव्हा एक पेटी घेऊन आलेल्या. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका. तरी लोक आले, आणि त्यातल्याच कितीतरी जणांच्या हातून पुढे हे मंदिर उभं राहिलं. मी म्हटलं, "तुम्हाला कधी परत जावंसं वाटलं नाही?" त्या म्हणाल्या, "कुठे?" आणि मग त्यांच्या पहिल्या घराबद्दल सांगत बसल्या. भाड्याचंच होतं, तरी पहिल्याच वर्षी त्यांनी मागे सफरचंदाचं झाड लावलं होतं.

आमच्या परसात एकवीस वर्षांत फळझाड नव्हतं. फळं धरायच्या आत आपण गेलेले असू, हे गृहीत होतं. कोथिंबीर, मेथी, कुंड्यांतली तुळस, एवढंच. घरातही तसंच. वरच्या माळ्यावर तीन मोठ्या बॅगा कायम रिकाम्या ठेवलेल्या. सांगलीहून आणलेला आईचा फोटो भिंतीवर न लावता कपाटावर टेकवून ठेवलेला. देव्हारा म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण.

तर आम्ही राहायचं ठरवलं. एका दिवसात नाही. मी आधी मनाशी एक तोडगा काढला: दर वर्षी चातुर्मासातले काही आठवडे गावी जायचं आणि चौका लावायचा. पूर्ण समाधान नाही, पण हात रिकामे राहणार नाहीत. मग राहायचंच आहे तर नीट राहायचं म्हणून घराला लागलो. लहान खोलीतली अडगळ काढून स्वाध्यायाची खोली केली. प्रतिष्ठित प्रतिमा ठेवली नाही, कारण नित्य अभिषेक झाला पाहिजे आणि आम्ही गावी गेल्यावर तो कोण करणार? चोवीस तीर्थंकरांचा फोटो आणि जिनवाणी, बस. स्वयंपाकघराच्या नळाला गाळण्याचं कापड बांधायला पक्की कडी बसवून घेतली. प्लंबरनं दोनदा विचारलं हे कशासाठी. आईचा फोटो जिन्यात लावला. माळ्यावरच्या दोन बॅगा देऊन टाकल्या, एक ठेवली.

आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सफरचंदाचं रोप लावलं. खड्डा खणताना जीव सांभाळायचे म्हणून ह्यांनी एवढ्याशा खड्ड्याला अख्खी सकाळ लावली. गांडूळ दिसलं की उचलून बाजूला. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. तिच्याकडे पूर्वी गोगलगायी मारायच्या निळ्या गोळ्या असायच्या. त्यातल्या मेटाल्डिहाइडवर २०२२ पासून इथे बंदी आहे, त्यामुळे आता ती आम्हालाच विचारते की तुम्ही न मारता कसं करता.

याच सुमाराला दुसरी गंमत सुरू झाली. घर मोकळं झालं की लोकांना त्याचं काय करायचं ते आपल्याआधी सुचतं. मुलगा म्हणाला, "आई, या घरावर कर्ज काढ, दुसरं घे, भाड्यानं दे. भाड्यातच हप्ता फिटेल." पंचावन्नच्या पुढच्यांना घर तारण ठेवून पैसे देणाऱ्यांची पत्रकंही येऊ लागली. हप्ता नको, व्याज साचत जाईल, तुमच्यामागे घर विकून फेडू. बी.कॉम.ला शिकवलेली एक सोपी युक्ती सांगते. ७२ ला व्याजाच्या दरानं भागा, तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. ६ टक्क्यांनी बारा वर्षांत दुप्पट. मी पासष्टाव्या वर्षी घेतलेले पैसे सत्त्याहत्तराव्या वर्षी दुप्पट झालेले असतील, आणि आपल्याकडच्या बायका सहज नव्वदी गाठतात! ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मला नको होतं.

मुलाला मी व्याजाचं नाही सांगितलं, व्रताचं सांगितलं. परिग्रहाच्या यादीत पहिली दोन नावं क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर. ही यादी कुणी केली असेल त्याला माणसाचं मन चांगलं ठाऊक होतं. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामी तर वस्तूपेक्षा मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीला, परिग्रह म्हणतात. पण माझ्यासारखीला आधी वस्तूचीच मर्यादा बरी पडते, मनाचं पुढे बघू. मी परिमाण घेतलं: एक घर, हेच. दुसरं घ्यायचं नाही. सोनं आहे त्याहून जास्त नाही. मुलगा थोडा रुसला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, भाड्यात हप्ता बहुधा निघालाही असता.

पण 'एक घर' म्हटल्यावर गावच्या घराचा प्रश्न आपोआप आला. वडिलांच्या माडीवरची एक खोली भावानं आमच्यासाठी राखून ठेवली होती. कुलूप लावलेलं, वर्षातून दोनदा झाडलेलं. त्याचा मुलगा आता लग्नाचा आहे. भावानं कधी तोंडानं मागितलं नाही, फक्त एकदा फोनवर म्हणाला, "अक्का, माडीची खोली गळतीय. दुरुस्ती करून घेऊ, का तुम्ही आल्यावर?" त्या वाक्यात काय होतं ते मला कळलं.

गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा दुय्यम निबंधकाकडे जाऊन घरापुरतं हक्कसोडपत्र केलं. इथे एक गोष्ट ठासून सांगते. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे आणि हा कायदा आपल्या समाजालाही लागू आहे. राखी पौर्णिमेच्या गोडव्यात, चहाच्या टेबलावर, न वाचता सह्या करून देऊ नका. मी दिलं ते माझ्या परिमाणात बसत नव्हतं म्हणून, आणि माझ्या डोक्यावर फिटलेलं छप्पर आहे म्हणून. शेताचा माझा हिस्सा अजून तसाच आहे. त्यावर विचार चालू आहे आणि तो माझा मीच करीन.

कुलूप काढलं तेव्हा खोलीत माझं लग्नाआधीचं कपाट होतं. आत कॉलेजच्या खतावणीच्या वह्या. भाचा म्हणाला, "आत्या, ह्या ठेवू का?" मी एक घेतली, बाकीच्या रद्दीत द्यायला सांगितल्या. वहिनी काहीच बोलली नाही. रात्री माझ्या अंथरुणाशी येऊन बसली आणि म्हणाली, "खोली त्याची झाली तरी चौक्याची भांडी मी वेगळीच ठेवलीत हं तुमची."

यंदा गावात महाराजांचा चातुर्मास आहे. दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची तिकिटं काढली आहेत. वहिनीनं कळवलंय की विहिरीला पाणी भरपूर आहे, फक्त गाळायचं नवं कापड इकडून येताना आणा, तिकडचं जाड मिळतं.