गाठ एक, मग ग्रंथी एवढ्या का काढतात?

अन्ननलिकेच्या कर्करोगाचा रिपोर्ट घेऊन आलेले नातेवाईक हे हमखास विचारतात. चाकणला प्रॅक्टिस करताना एक गोष्ट सारखी दिसते. माणूस त्रासाशी जमवून घेतो. भाकरी उतरेना की आमटीत कुस्करून खातो, मग मऊ भात, मग नुसती पेज. शिफ्ट मात्र चुकवत नाही. कपडे ढगळ झाले की घरचे ओढून आणतात. घास अडकतोय असं दोन-तीन आठवडे वाटलं, तर दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्या. तंबाखू, मिसरी, दारू यांची सवय असेल तर नक्कीच.

आता ग्रंथींविषयी. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. गळ्यातून निघून छातीतून जाते आणि पोटात जठराला मिळते. तिच्या अस्तराखाली लसिकावाहिन्यांचं जाळं उभं पसरलेलं असतं. त्यामुळे कर्करोगाच्या पेशी शेजारची ग्रंथी सोडून थेट मानेत किंवा जठराजवळ पोहोचू शकतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती याच जातीची ग्रंथी. छातीतली मात्र हाताला लागत नाही, आणि लहान असेल तर स्कॅनमध्येही निसटते.

म्हणून सर्जन गाठीबरोबर छातीतल्या आणि पोटातल्या ग्रंथी काढतात. पॅथॉलॉजी रिपोर्टात '२/२४' म्हणजे २४ तपासल्या, २ मध्ये कर्करोग सापडला. '०/५' वाचून हुरळून जाऊ नका. पाचच तपासल्या होत्या. निदान १५ तरी तपासाव्यात असं मानतात.

मग मानेतल्याही सरसकट काढाव्यात? शांघायमध्ये ४०० रुग्णांवर हे पडताळून पाहिलं. अन्ननलिकेच्या मधल्या-खालच्या भागातल्या कर्करोगात मानेतल्या जादा काढून आयुष्य वाढलं नाही. शिवाय स्वरयंत्राची नस तिथूनच जाते; ती दुखावली तर आवाज बसतो.

'आधी केमो आणि रेडिएशन' म्हटलं की घरच्यांना वाटतं, ऑपरेशन लांबवतायत. तसं नाही. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या क्रॉस अभ्यासात नुसत्या ऑपरेशननंतर निम्मे रुग्ण २४ महिने जगले, आधी पाच आठवडे हे उपचार घेतलेल्यांमध्ये निम्मे ४९ महिने.

ऑपरेशनमध्ये जठराचीच नळी करून वर जोडतात. म्हणून पोटभर जेवण बंद; थोडं थोडं, सहा वेळा. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उशाकडची बाजू उंच ठेवायची. माझ्या एका पेशंटने सुपरवायझरला सांगून दर दोन तासांनी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. डबा चार कप्प्यांचा नेतो.