हकीकत आणि कलम

वकिलीची परीक्षा उतरून हाती आलेली सनद देवापुढे ठेवली जाते, आळीत पेढे वाटले जातात, आणि नवा काळा डगला व पांढरे बँड लेवून कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या तरुणाची अशी प्रामाणिक समजूत असते की, कायदा तर आपण शिकून आलोच आहोत, आता त्याचा उपयोग करणे तेवढे उरले आहे. ही समजूत सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु परीक्षेत हकीकत दिलेली असते व कायदा विचारलेला असतो, तर अशिलासमोर कायदा छापील पुस्तकात निमूट बसलेला असतो आणि हकीकतच हुडकून काढावी लागते, हा भेद उमगण्यास काही काळ जावा लागतो.

1872 च्या करार अधिनियमात दृष्टांतादाखल एक ‘अ’ भेटतो. 1,000 रुपये किमतीचा घोडा तो 10 रुपयांस विकण्यास कबूल होतो, आणि त्याची संमती स्वेच्छेची होती, असे तिथल्या तिथे सांगून अधिनियम मोकळा होतो. करार टिकतो, एवढे लिहिले की विद्यार्थ्याचे गुण पदरात. हाच ‘अ’ जेव्हा सातबाऱ्याचे उतारे, फेरफार आणि खरेदीखत यांचे गाठोडे बगलेत मारून वकिलाच्या बैठकीत येतो, तेव्हा तो आजोबांच्या वेळच्या बांधापासून आरंभ करतो, भावजयीच्या दुखण्यावर घसरतो, सावकाराचे नाव ओठांशी आणून गिळतो. आणि संमती स्वेच्छेची होती की नव्हती, हाच अवघ्या दाव्याचा मुद्दा होऊन बसतो. आजच्या अखिल भारतीय बार परीक्षेत टिपणांवाचूनच्या कायद्यांच्या प्रती उमेदवारास सोबत नेता येतात, यात मला परीक्षकांच्या औदार्याइतकेच शहाणपणही दिसते: कायदा कोणालाही जवळ बाळगता येतो.

मोहनदास गांधी 10 जून 1891 रोजी लंडनमध्ये बॅरिस्टर झाले, आणि पुढे मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ममीबाईंच्या दाव्यात 30 रुपये फी घेऊन उलटतपासणीस उभे राहिले, तो तोंडातून शब्दच फुटेना. हकीकत म्हणजे तीन चतुर्थांश कायदा, हा पिंकट नावाच्या इंग्रज गृहस्थांचा विलायतेतील उपदेश त्यांच्या मनात खऱ्या अर्थाने रुजला तो प्रिटोरियात, दादा अब्दुल्लांच्या दाव्याचे कागद व हिशेब मुळापासून अभ्यासताना. त्याच अभ्यासातून त्यांना दिसले की अशिलाची बाजू बळकट आहे खरी, पण खटला लांबला तर नातलग असलेले दोघेही व्यापारी धुळीस मिळतील. प्रकरण लवादाकडे गेले, दादा अब्दुल्ला जिंकले. मात्र 37,000 पौंड एकरकमी भरणे प्रतिपक्षी तय्यब शेठना अशक्य होते, आणि त्या व्यापाऱ्यांत दिवाळे निघण्यापेक्षा मरण बरे मानीत. तेव्हा दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून देण्यास गांधींनी आपल्या अशिलास राजी केले. हा तोडगा कोणत्याही कलमात लिहिलेला नव्हता. दोन्ही पक्षकारांची पुरती हकीकत ज्याला ठाऊक होती, त्यालाच तो सुचण्यासारखा होता.

म्हणून नव्या वकिलाने अशिलाची ती बांधापासूनची कहाणी मध्येच तोडू नये. गिळलेले नाव बहुधा तिच्या शेवटीच बाहेर पडते.