दहा मिनिटांचं चित्र

गेल्या डिसेंबरात वाईला जाऊन आले. बरोबर नात होती. ती चित्रकला शिकते. सकाळी सकाळी तिने मला मेणवलीच्या घाटावर बसवलं, हातात काळं पेन दिलं, खोडरबर काढून घेतलं आणि मोबाईलवर १० मिनिटं लावली. "आजी, गजर झाला की थांबायचं हं."

मंडळी, मी जन्मभर वेळ संपताच मुलांच्या हातातून पेपर ओढून घेतले. पोरांना काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं!

खरी अडचण निराळीच होती. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. घरी मी पेन्सिलने काढते, खोडते, पुन्हा काढते, पुन्हा खोडते. शेवटी कागद फाटतो. हे कुणाला बोलले नव्हते. (नातीला ठाऊक असावं. मी विचारलं नाही.)

पहिल्या १० मिनिटांत दोन पायऱ्या आणि शंकराच्या देवळाचा अर्धा कळस. गजर!

मग ती म्हणाली, "डोळे बारीक करून बघ." बघितलं तर पायऱ्या दिसेनाशा झाल्या, कोरीवकाम गेलं, उरला सावलीचा एक मोठा काळा तुकडा आणि उन्हाचा एक. सावली आधी घ्यायची, कारण ती सरकते. दगड कुठे पळतोय? इतकी साधी गोष्ट, पण घरी फोटो समोर ठेवून काढताना कधी लक्षातच आली नव्हती. फोटोतली सावली हलत नाही ना.

तिसऱ्या कागदावर जलरंग घेतले. थंडीत रंग वाळेना, सावलीचा जांभळा नदीत उतरला. धुणं धुणारी एक बाई घेतली, तर ती पिळे उचलून निघूनही गेली. कागदावर तिची वाकलेली पाठ तेवढी राहिली. पण पाठ बाईचीच वाटते, आणि ओझं उचलणारी वाटते. दगडांच्या कडा मात्र सगळ्या थरथरलेल्या. खोडायला वेळच नव्हता, तशाच राहिल्या.

मेणवलीला मी आले होते ती खरं तर घंटेसाठी. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा. वर्गात वसईची मोहीम कितीदा शिकवली, घंटा पाहिली नव्हती. सहावा कागद तिच्यासाठी ठेवला. गजर झाला तेव्हा वरची कडी राहिली होती.

"दोन मिनिटं दे गं," मी म्हटलं.

दिली नाहीत.