खारा वारा आणि माझा कॅमेरा

मालवण म्हटले की कोणाला माशांचे कालवण आठवते, तर कोणाला समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. मला मात्र मालवणचे नाव ऐकले की दोन गोष्टी आठवतात : पक्षी आणि खारा वारा. पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी मी तेथे जातो आणि वाऱ्यापासून कॅमेरा जपत बसतो.

तुम्ही म्हणाल, वाऱ्याची भीती कसली? सांगतो. लाट फुटते तेव्हा पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात. पाणी सुकते, मीठ उरते. ते वाऱ्याबरोबर येऊन काचेवर आणि बटनांच्या फटींत बसते. मीठ हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात घरच्या मिठाला पाणी सुटते, ते तुम्ही पाहिले असेलच. ओल आणि मीठ एकत्र आले की धातू गंजू लागतो. किनाऱ्यावरच्या घरांच्या खिडक्यांचे गज एकदा पाहा, म्हणजे पटेल.

दुसरा शत्रू बुरशी. भाकरीवर येते तशीच ती भिंगावरही येते. दमट हवा आणि अंधार मिळाला की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात. पुढे भिंग पुसले तरी कधीकधी डाग राहतातच. म्हणून दुकानदार हौसेने देतात ती कातडी पिशवी मला मुळीच आवडत नाही. कातडे ओल धरून ठेवते.

दूरचा पक्षी टिपण्यासाठी मोठे भिंग लागते. माझ्या भिंगाचे वजन सुमारे ३ किलो आहे. ते घेण्यासाठी मी ४ वर्षे पैसे साठवले. ते बिघडले तर दुसरे घेण्याची माझी ऐपत नाही. त्यामुळे प्रवासात माझे कपडे साध्या थैलीत असतात आणि भिंग घट्ट झाकणाच्या पेटीत. पेटीत जुन्या गादीचा स्पंज कापून बसवला आहे. सोबत सिलिका जेलच्या खड्यांची पुरचुंडी असते. हे खडे हवेतली ओल शोषतात. कोरडे असताना ते निळे दिसतात आणि ओल प्यायले की गुलाबी होतात.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे. तेथून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. एस.टी.त मी पेटी मांडीवर घेतो, कारण धक्क्यांनी स्क्रू सैल होतात. वातानुकूलित डब्यातून आलात, तर मात्र उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना? तसेच थंड काचेवर जमतात. अर्धा-पाऊण तास पेटी बंदच ठेवावी.

हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव पक्षी या किनाऱ्यावर येतात. सकाळी कोळी रापण ओढू लागले की मासळीच्या आशेने कुरवांचे थवे भोवती घिरट्या घालतात. तेव्हा किती फोटो काढू असे होते! पण वाळूत पिशवी ठेवायची नाही आणि वाऱ्यात भिंग बदलायचे नाही, हे मी पाळतो.

एका सकाळी मी होडीतून निघालो होतो. वारा वाढला, होडी डोलू लागली. होडीवाले काका म्हणाले, "मास्तर, पेटी बांधून ठेवा. खारो वारो लोखंडाक सोडणा नाय, तुमच्या काचेक काय सोडतलो?" मी पेटी दोरीने बांधली. थोड्याच वेळात समुद्री गरुड आला. पांढरे पोट, राखाडी पंख. तो आमच्यापासून फार लांब नव्हता. पाण्यावर झेपावला आणि मासा घेऊन उठला. माझा हात दोरीच्या गाठीकडे गेला. तेवढ्यात एक लाट काठावरून आत आली आणि आम्ही दोघे भिजलो. मी गाठ सोडली नाही. त्या गरुडाचा फोटो माझ्याजवळ नाही. त्याची हळहळ अजून वाटते.

तसे पाहिले तर फोटोशिवायही पक्ष्यांचा अभ्यास झाला आहे. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. त्यातले पक्षी चित्रकाराने रंगवलेले होते. याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ समुद्रात खडक आहेत. तेथील गुहांत एक जातीची पाकोळी आपल्या लाळेने घरटे बांधते. हुमायून अब्दुलअली यांनी त्या पाकोळ्यांविषयी १९४२ साली लिहिले.

संध्याकाळी मुक्कामावर आलो की चहाच्या आधी कॅमेरा पुसतो. कोरड्या फडक्याने घासायचे नाही. मिठाचा कण काचेवर ओरखडा काढतो. कॅमेऱ्याचे अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपायचे, मग कोरड्याने. भिंगावर आधी मऊ ब्रश फिरवायचा. खडे गुलाबी झाले असतील तर ते मंद आचेवर जुन्या पत्र्यावर तापवायचे. स्वयंपाकाचा तवा यासाठी मागू नका, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते आणि ते पोटात जाणे वाईट. खडे हळूहळू निळे होतात. ते थंड झाले की पुरचुंडी बांधून पुन्हा पेटीत टाकतो आणि झाकण लावतो.