परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केला, ही कथा आम्ही संस्कृतच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीने संसाराविषयी विचारलेल्या प्रश्नांना संन्याशापाशी उत्तरे नव्हती. ती मिळविण्यासाठी आचार्यांना दुसऱ्याच्या देहाचा आश्रय घ्यावा लागला. कथा संपली की एखादा विद्यार्थी हटकून विचारी, “गुरुजी, मग सिंहासनावर बसलेला तो राजा की शंकराचार्य?” वर्गात हशा पिके आणि आम्हीही हसून पुढच्या पाठाकडे वळत असू. तोच प्रश्न निवृत्तीनंतर आमच्याच दारात चार चाकांवर उभा राहील आणि उत्तर दिल्यावाचून सुटका नाही असा प्रसंग येईल, हे तेव्हा कोणास ठाऊक होते!

आमचे तळेगाव श्यामजीपंत हे नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे गाव. रस्ता सोडून आत वळले की संत्र्यांच्या बागा आणि काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसाळ्यात तीच पायातील वहाण ओढून घेते. अशा मातीतून बारमाही बागेत जाता यावे म्हणून आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, 1997 साली एक जिप्सी घेतली. दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून जगभर पसरलेल्या जीपगाडीच्या कुळातीलच ही धाकटी पाती. मारुती कंपनीने 1985 साली ती आपल्याकडे आणली, तेव्हा तिचे इंजिन 970 घनसेंटिमीटरचे होते. 1996 साली 1298 घनसेंटिमीटरचे इंजिन आले. आमची गाडी त्या वाणाची. चारही चाकांना जोर देता येतो, कमान्या बैलगाडीसारख्या पट्ट्यांच्या, आणि अंगावर डामडौल म्हणून काही नाही. घरातील किती सुना, किती बाळंतिणी, संत्र्यांची किती खोकी तिने वाहिली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दादा गेले आणि गाडी आमच्या पुतण्याच्या हाती आली.

दादांच्या मागे दोन वर्षांनी पुतण्याने विषय काढला. “काका, गाडीचे इंजिन आता थकले आहे. याच गाडीचे 2000 सालानंतरचे, इंधन फवारणारे इंजिन बसवू या.” आम्ही साफ नकार दिला. दादांच्या हाताखाली वाढलेले इंजिन काढून टाकायचे म्हणजे गाडीतून दादांनाच काढून टाकायचे, असे आम्हांस वाटले. युक्तिवादालाही आमच्यापाशी तोटा नव्हता. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातील नागसेन भिक्षू राजाला विचारतो की, रथ म्हणजे आस की चाके की जू? आम्ही तो दाखला देऊन वर म्हणालो, “अरे, चाके बदलली, आस बदलला, तरी रथ तोच म्हणता येईल, पण मोटारीचा प्राणच बदलला तर काय उरले?” पोरगा गप्प बसला. वादात जिंकल्याचे समाधान आम्हांस दोन पावसाळे पुरले.

तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका रात्री, वहिनींना श्वास लागला. आर्वीस नेणे भाग होते. पुतण्याने चोक ओढला, किल्ली फिरविली. इंजिन दोनदा खोकले आणि थांबले. पुन्हा फिरविली, पेट्रोलचा वास सुटला, पण ठिणगी धरेना. शेवटी शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीतून वहिनींना नेले. पाऊण तास गेला. ईश्वरकृपेने वहिनी बऱ्या झाल्या. परंतु ओसरीत कंदील धरून उभे असताना तो पाऊण तास आम्हांस जो शिकवून गेला, तो कोणत्याही ग्रंथाने शिकविला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारण कळले. जुन्या टाकीतला गंज सुटून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात अडकला होता. हल्ली पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते ओलावा धरते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. टाकी धुणे, नळ्या बदलणे ही कामे पुतण्याने सुचविली होती आणि “उगीच खर्च कशाला” म्हणून आम्हीच लांबणीवर टाकली होती. दोष गाडीचा नव्हता, तो आमचा होता.

घरी आल्यावर वहिनींनी आम्हांस बोलावून घेतले. म्हणाल्या, “भाऊजी, यांनी गाडी घेतली ती माणसे वेळेवर पोचावीत म्हणून. तुम्ही तिची समाधी करून ठेवली आहे.” आम्ही निरुत्तर झालो आणि त्याच सायंकाळी पुतण्याला होकार दिला.

आता या दोन इंजिनांत भेद कोणता, तो आम्हांस जसा समजला तसा सांगतो. कार्बोरेटरमध्ये हवेची वाट एके ठिकाणी अरुंद केलेली असते. तेथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते. ही रीत आमच्या वहिनींच्या स्वयंपाकासारखी. मूठ हेच माप आणि अंदाज हेच शास्त्र. हात सरावाचा असला आणि हवापाणी नेहमीचे असले की आमटी उत्तम होते. पण थंडी पडली, गाडी चढावर तिरपी झाली, छिद्रात कण अडकला, की मूठ चुकते.

नव्या रीतीत टाकीजवळचा विजेचा पंप पेट्रोलला वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाने पुढे ढकलतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक पिचकारी क्षणाच्या काही सहस्रांश भागापुरती उघडते. किती वेळ उघडायची हे एक लहानसा संगणक ठरवितो. हवा किती आली, इंजिन किती तापले, पाय किती दाबला, याच्या वार्ता त्याला तारांमधून मिळत असतात. वजनाने पेट्रोलच्या एका भागास हवेचे 14.7 भाग हे त्याचे प्रमाण. आम्हांस सर्वांत आवडला तो धुराच्या नळीतला प्राणवायूमापक. तो जळून गेलेल्या धुराची परीक्षा घेतो आणि चूक झाली असल्यास संगणकास कळवितो. मग पुढची पिचकारी सुधारून सुटते. उत्तरपत्रिका तपासून दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलणारा शिक्षक जसा, तसे हे. आमच्या जुन्या इंजिनाची शक्ती साठ अश्वांच्या आसपास होती. तेवढ्याच घनफळाच्या नव्या इंजिनाची ऐंशी झाली, कारण झडपाही आठांच्या सोळा आहेत.

परंतु प्राण आणला आणि देहात घातला, इतके हे सोपे नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 अन्वये गाडीत मनास येईल तो बदल करता येत नाही; उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करण्यावर सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली कटाक्षाने बोट ठेवले आहे. म्हणून पुतण्याने त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या, रीतसर मोडीत निघालेल्या गाडीचे इंजिन पावतीसह घेतले. आधी परिवहन कार्यालयाची परवानगी, मग काम, मग तपासणी, आणि शेवटी नोंदणीपुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक व विमा कंपनीस सूचना, असा क्रम त्याने पाळला. कागद जमविण्यात गेलेले दिवस प्रत्यक्ष कामाच्या दिवसांहून अधिक होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

काम अमरावतीच्या एका मिस्त्रींनी केले. इंजिन एकाच घराण्याचे असल्याने गिअरपेटीशी ते सहज जुळले. खरी कसोटी तारांची. टाकी खरवडून स्वच्छ केली, इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घातल्या, उरलेले पेट्रोल परत टाकीत जाण्यासाठी वेगळी नळी काढली. संगणकाची पेटी पाण्यापासून दूर, आतल्या बाजूस उंच बसविली. कारण नाल्यातून जाणाऱ्या गाडीचा मेंदू पायाशी ठेवून चालत नाही. मिस्त्रींनी निघताना पुतण्याला बजावले, “इंजिन तरुण आहे, पण ब्रेक आणि कमान्या जुन्याच आहेत. त्यांच्या वयाने चालवा.” आम्ही मनात म्हटले, परकायाप्रवेशाचा नियम याहून नेमका कोणी सांगितला नसेल. आत शिरणाऱ्याने त्या देहाची मर्यादा विसरता कामा नये. अमरुकाच्या देहात आचार्यांनाही स्वतःचा विसर पडला आणि शिष्यांना येऊन आठवण करून द्यावी लागली, असे कथा सांगतेच.

गमावले काहीच नाही असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. जुने इंजिन बांधावर बिघडले तर दादा पान्हा आणि फडके घेऊन ते दुरुस्त करीत. नवे रुसले तर त्याचे मन वाचणारे यंत्र लागते. पुतण्याने जादा फ्यूज, रिले आणि पंप गाडीत ठेवले आहेत, तरी आमच्या मनातील धाकधूक सर्वस्वी गेलेली नाही. शिवाय नव्याचा जोर वरच्या फेऱ्यांवर येतो. चिखलात खालचा गिअर धरून संथपणे जाण्याची कला पुतण्याला नव्याने शिकावी लागली.

आमच्याच वर्धा जिल्ह्यात याच्या नेमका उलट प्रयोग होऊन गेलेला आहे. गांधीजी 1936 साली सेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले, त्या काळात जमनालाल बजाज यांच्याकडची एक फोर्ड मोटार बैल जुंपून चालवीत आणि तिला विनोदाने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी हकीकत जिल्ह्यात सांगतात. देह अमेरिकेचा आणि प्राण गोठ्यातला! त्या माणसांनी मोटार ‘तीच’ राहिली की नाही याची चिंता केली नाही. ती कामास येते की नाही एवढे पाहिले.

असो. 2019 साली सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्रीच थांबली. तेव्हा जी आहे ती जपणे आले. दादांचे जुने इंजिन आम्ही तेल लावून, गोणपाटात गुंडाळून गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवले आहे. चोकची मूठ मात्र पुतण्याने जागच्या जागी राहू दिली. तिला आतून काहीही जोडलेले नाही. गेल्या आठवड्यात पहाटे वहिनींना तपासणीसाठी आर्वीस न्यावयाचे होते. बाहेर पाऊस होता. आम्ही पुढे बसलो आणि सवयीने आमचा हात त्या मुठीकडे गेला. तेवढ्यात पुतण्याने किल्ली फिरविली. इंजिन पहिल्याच हाकेला ‘ओ’ देऊन सुरू झाले. मागून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ओढायची असेल तर ओढा. पण आता निघू या.”